तुलाच का त्रास देतात?

शाळेत आपल्या मुलाला कुणी छळतं हे कळलं की घरात पहिला प्रश्न मुलालाच विचारला जातो. "वर्गात पन्नास मुलं आहेत, मग तुलाच का त्रास देतात?" आईवडील हे काळजीपोटी विचारतात. पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की दोष आपल्यातच कुठेतरी आहे आणि तो घरच्यांनाही दिसू लागला आहे.

मी पनवेलजवळच्या करंजाडेत शिकवणी घेते. त्याआधी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. शाळेतल्या शिक्षकाला जे दिसत नाही असं काही शिकवणीत दिसतं. माझ्याकडे पाचवी ते दहावीची मुलं येतात, ती एका शाळेची नसतात. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतलं, कुणी पनवेलच्या मराठी शाळेतलं, कुणी नवीन पनवेलच्या इंग्रजी माध्यमातलं. त्यामुळे एकच मूल दोन वेगवेगळ्या घोळक्यांत कसं असतं ते मला कळतं. शाळेतलं मुलं सांगतात, आया सांगतात, व्हॅनवाले सांगतात. शिकवणीतलं मी स्वतः पाहते. त्यातून जे उमगलं ते लिहिते आहे. मुलांची आणि शाळांची नावं देणार नाही. ओळख पटेल अशा खुणाही बदलल्या आहेत.

१. मूल तेच, घोळका वेगळा

सातवीतला एक मुलगा बोलताना अडखळतो. जाड भिंगांचा चष्मा आहे. शाळेत त्याला 'ढापण्या' म्हणतात, त्याच्यासारखं अडखळून बोलून दाखवतात, त्याची कंपासपेटी वरचेवर दुसऱ्याच कुणाच्या दप्तरातून निघते. माझ्याकडे हाच मुलगा भूमिती समजावून सांगतो. प्रमेय अडलं की मुलं माझ्याआधी त्याच्याकडे वही सरकवतात. तो अडखळतच सांगतो आणि मुलं थांबून ऐकतात. चष्मा तोच, अडखळणं तेच. फरक इतकाच की शिकवणीला तो इमारतीतल्या दोन मित्रांबरोबर येतो आणि त्यांच्याबरोबरच घरी जातो. शाळेत त्याच्या वर्गात ते दोघं नाहीत.

शाळेतल्या छळाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकात स्वीडनमधल्या मुलांवर काम करताना हेच तपासलं होतं. लठ्ठपणा, चष्मा, केसांचा रंग, बोलण्याची ढब, असं काहीतरी वेगळं असल्यामुळे मुलं छळली जातात का? बहुतेकांची समजूत तशीच होती. निष्कर्ष मात्र उलटा निघाला. छळल्या जाणाऱ्या मुलांमध्ये अशा गोष्टी इतरांपेक्षा विशेष जास्त नव्हत्या. ठळक फरक एकच होता, ती मुलं अंगानं दुबळी होती. बोट ठेवण्यासारखं काही ना काही तर प्रत्येकातच असतं. चष्मेवाली मुलं वर्गात दहा असतात, 'ढापण्या' एकालाच म्हणतात.

दुसरीकडे युनेस्कोचा २०१९चा अहवाल आहे. जगातल्या जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला मागच्या महिनाभरात एकदा तरी बरोबरीच्या मुलांचा त्रास झाला होता, असं त्यात म्हटलं आहे. कारण विचारल्यावर मुलांनी सर्वांत जास्त वेळा आपल्या दिसण्याचं नाव घेतलं. मला या दोन गोष्टींत विरोध वाटत नाही. बहुतेक वेळा मूल आधी निवडलं जातं आणि चिडवायचं कशावरून ते नंतर ठरतं. म्हणून तर चष्मा जाऊन लेन्स आल्या, वजन उतरलं, तरी सुटका होत नाही. नवं निमित्त मिळतं. 'तुलाच का' या प्रश्नाचं उत्तर मुलाच्या अंगावर शोधत बसणाऱ्या आईवडिलांना मी हे आवर्जून सांगते.

२. मग निवड कशावरून होते?

एकटेपणावरून. हे मी अगदी ठामपणे म्हणेन.

करंजाडे हा सगळा बाहेरून आलेल्यांचा भाग आहे. सिडकोनं जमिनी घेतलेल्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशापासून केरळपर्यंतची कुटुंबं आली. कुणी न्हावाशेव्याच्या बंदरात, कुणी तळोजा एमआयडीसीत, कुणी रोज लोकलने मुंबईत कामाला. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यांतली काही घरं करंजाडे-वडघरच्या बाजूला आली. मूळ गावातले आगरी तर आधीपासून आहेतच. त्यात भाड्यानं राहणाऱ्यांचा अकरा महिन्यांचा करार. करार संपला, भाडं वाढलं की बिऱ्हाड दुसऱ्या सेक्टरमध्ये नाहीतर थेट कामोठ्याला. मोठ्यांना हा फक्त टेम्पोचा खर्च वाटतो. मुलाचा मात्र व्हॅनचा रस्ता बदलतो, खाली खेळायचा घोळका बदलतो, कधी शाळाही बदलते. दोन वर्षं खपून जमवलेला एकुलता एक मित्र तिकडेच राहतो.

नवीन मूल वर्गात आलं की पहिल्या काही दिवसांत त्याची परीक्षा घेतली जाते, प्रत्येक वर्गात. टोपी ओढतात, टपली मारून 'मी नाही' म्हणतात, डब्यातलं न विचारता उचलतात. त्या वेळी शेजारी बसलेलं कुणी "ए, गप ना" म्हणालं तर गोष्ट तिथेच संपते. कुणीच काही बोललं नाही तर सगळ्या वर्गाला समजतं की या पोराला काही केलं तरी कुणी येणार नाही. पुढची दोन-तीन वर्षं त्या आठवड्यात ठरून जातात.

म्हणून बिऱ्हाड बदलणाऱ्या आयांना माझं सांगणं असतं की गॅसची जोडणी आणि पाण्याच्या टँकरचा नंबर शोधाल तेव्हाच एक काम करा. मुलाच्या नव्या वर्गातलं, त्याच व्हॅननं जाणारं एक मूल शोधा आणि शाळा सुरू व्हायच्या आधी त्याला घरी खेळायला बोलवा. दहा मित्र लागत नाहीत. एक चांगला मित्र असलेल्या मुलाला त्रास कमी होतो, हे संशोधकांनीही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

३. मुलाची बोली

सहावीतला एक आगरी मुलगा शाळेत वर्षभर जवळजवळ गप्पच होता. शिक्षकांच्या शेऱ्यात 'लाजाळू' असं लिहून यायचं. तो लाजाळू अजिबात नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं बाईंना "मना नाय समजला" म्हटलं होतं आणि वर्ग हसला होता. बाईही हसल्या होत्या. त्यानंतर त्यानं हात वर करणं सोडलं. ज्या जमिनीवर ती शाळा उभी आहे, तिथे त्याच्या आजोबांची भातशेती होती, आणि तिथलीच भाषा बोलला म्हणून तो गावठी ठरला. साताऱ्याकडून आलेल्या मुलीला 'घाटी' म्हणतात, बिहारमधून आलेल्याला 'भैया'. मराठी शाळेतून इंग्रजी माध्यमात घातलेल्या मुलांचे हाल तर दोन्हीकडून होतात. इंग्रजी चुकलं की हशा, मराठीत बोललं की शिक्षा.

माझ्या शिकवणीत ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत उत्तर द्यावं. गणित बरोबर आलं की झालं.

४. "टाळी एका हातानं वाजत नाही"

शाळेत तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. दोन्ही मुलांना बोलावलं जातं, दोघांना समज दिली जाते, "चला, हात मिळवा, आता मित्र" असं म्हणून प्रकरण मिटवलं जातं. भांडणाला हे औषध ठीक आहे. छळाला ते विषासारखं लागू पडतं.

भांडण बरोबरीच्या दोघांत होतं. आज तो वरचढ, उद्या हा. चार दिवस कट्टी, पाचव्या दिवशी दोघंही क्रिकेट खेळत असतात. छळात तीन गोष्टी असतात. तो जाणूनबुजून केलेला असतो, तो परत परत होतो, आणि एकाच्या हातात ताकद असते तर दुसऱ्याच्या हातात काहीच नसतं. ताकद म्हणजे दंडाचीच असं नाही. मागे पाच मुलं असणं ही ताकद आहे. बाबा शाळेच्या कमिटीवर असणं, वर्गाचा मॉनिटर असणं, व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन असणं, या सगळ्या ताकदी आहेत.

अशा दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावलं की छळणाऱ्याला कळतं, यात आपलं काही बिघडत नाही. ज्याला छळलं त्याला कळतं, मोठ्यांना सांगून उपयोग नाही. दारातून बाहेर पडल्यावर जिन्यात "जा, अजून सांग" म्हणून आणखी एक गुद्दा बसतो. एका मुलाच्या पाठीवरचा असा वळ त्याच्या आईनं मला दाखवला होता. हात मिळवून परत वर्गात जातानाचा होता तो. दोघांशी वेगवेगळं बोला, दोघांच्या पालकांना वेगवेगळं बोलवा, आणि शब्द निवडताना ही म्हण शाळेच्या बाहेर ठेवा. या प्रकारात टाळी एकाच हातानं वाजते, दुसरा गाल असतो.

५. बाकीचे सेहेचाळीस

छळणारे दोन-तीन आणि छळला जाणारा एक. आपण सगळे या चौघांकडेच बघतो. वर्गातल्या उरलेल्या मुलांकडे लक्ष वेधलं ते फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी. १९९६ साली त्यांनी सहावीच्या मुलांचा अभ्यास करून मांडलं की अशा प्रसंगात वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते. कुणी छळणाऱ्याला हात देतो, कुणी नुसता हसून भर घालतो, कुणी मान फिरवून बाजूला होतो, आणि थोडी मुलं मध्ये पडतात. त्यांच्या या कामावर उभा राहिलेला 'किवा' नावाचा कार्यक्रम २००९पासून फिनलंडभरच्या शाळांत गेला. त्याचा रोख छळणाऱ्याला शिक्षा करण्यापेक्षा त्याचे प्रेक्षक कमी करण्यावर आहे.

कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि माइक लावून खऱ्याखुऱ्या प्रसंगांची नोंद केली. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली फक्त १९ टक्के वेळा. पण मध्ये पडली तेव्हा ५७ टक्के वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! शिक्षकाला जिना चढून यायलाही याहून जास्त वेळ लागतो.

इथल्या एका व्हॅनवाल्या काकांनी हे अभ्यास वाचलेले नाहीत, पण त्यांना ते कळलेलं आहे. त्यांच्या व्हॅनमध्ये चौथीतल्या एका मुलाला मागच्या सीटवर रोज चिमटे बसायचे. त्यांनी कुणालाच रागावलं नाही. दहावीतल्या एका मुलीला म्हणाले, "ताई, उद्यापासून याच्या शेजारी तू बसशील का?" ती कबड्डी खेळणारी, सगळी व्हॅन तिला वचकून. चिमटे त्याच दिवशी बंद झाले. काका त्या मुलाला पुढे आपल्या शेजारीही बसवू शकले असते. तसं केलं असतं तर तो व्हॅनमध्ये कायमचा वेगळा पडला असता. त्यांनी त्याला मुलांमध्येच ठेवलं आणि त्याच्या बाजूला एक माणूस दिलं. शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे सुचायला हवं.

६. कुणालाच न आवडणारं मूल

छळलं जाणारं मूल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक शांत, भित्रं, मान खाली घातलेलं पोर येतं. बहुतेक तशीच असतात. पण दुसराही एक प्रकार आहे, संख्येनं लहान, आणि माझा जीव त्या मुलांसाठी जास्त तुटतो.

हे मूल चिडकं असतं. एका जागी बसत नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालतं, खेळात हरलं की बॅट फेकतं, चिडवलं की लालबुंद होऊन अंगावर धावून जातं. वर्गाला हा तमाशा हवाच असतो. मागून कुणीतरी हळूच पेन टोचतं, हा उसळून ओरडतो, आणि बाई फळ्याकडून वळतात तेव्हा त्यांना उभा राहून शिव्या देणारा हा एकटाच दिसतो. शिक्षा त्यालाच होते. मुलं रोज त्याला पेटवतात आणि शाळा रोज त्याला वर्गाबाहेर उभं करते. त्याची तक्रार कुणी खरी मानत नाही, कारण "तो स्वतःच तसा आहे."

अशांपैकी काहींना खरोखर वैद्यकीय मदत लागते. लक्ष एका जागी न टिकणं, अतिचंचलपणा, स्वमग्नतेची सौम्य रूपं, हे सगळं 'मस्तीखोर' या एका शब्दाखाली झाकलेलं राहतं. एक मुलगा माझ्याकडे आला तो तीन शिकवण्यांनी काढून टाकल्यावर. त्याला चेहऱ्यावरून समोरच्याचा मूड ओळखताच येत नव्हता. कुणी थट्टा करतंय की मैत्री, हे त्याला कळायचं नाही, म्हणून तो दोन्हीला सारखाच भिडायचा. तपासणी झाली, उपचार सुरू झाले, तरी शाळेतला त्रास लगेच थांबला नाही. त्याच्या नावावर एक जुनी कीर्ती साचली होती. सोबतीला शिक्षकांनी त्याच्याविषयी बोलायची पद्धत बदलली तेव्हा कुठे वर्ग निवळायला लागला.

आवडणाऱ्या मुलाची बाजू घेणं सोपं असतं. या मुलाची बाजू घेण्यात शिक्षकाची खरी कसोटी आहे.

७. मारहाण नाही, वळ नाही, आवाज नाही

आठवीतल्या चार मैत्रिणी. एका सोमवारी तिघी चौथीशी बोलायच्या बंद झाल्या. कारण सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की तिघी उठून दुसरीकडे जायच्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून तिला काढलं आणि नवा ग्रुप केला, त्यात ती सोडून सगळ्या मुली. तिची आई शाळेत गेली तर उत्तर आलं, "कुणी मारलं का? शिवी दिली का? मग मुलींना मैत्री करायची सक्ती कशी करणार?" या मुलीचं वजन दोन महिन्यांत उतरलं, ते डोळ्यांना दिसण्याइतकं.

आमच्या रायगड जिल्ह्याला या प्रकाराची वेगळी ओळख करून द्यायला नको. माणसाला वाळीत टाकल्याच्या तक्रारी इथल्या गावांतून वर्षानुवर्षं येत राहिल्या. विहीर बंद, किराणा बंद, लग्नाचं आमंत्रण बंद, बोलणाऱ्याला दंड. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली कायदा केला, २०१७मध्ये तो लागू झाला, आणि मोठ्यांच्या बाबतीत अबोला हाही छळ असू शकतो हे मान्य झालं. शाळेत मात्र तेरा वर्षांच्या मुलीला अख्ख्या वर्गानं वाळीत टाकलं तर आपण म्हणतो, मुलींचं काय, आज भांडतात, उद्या एक होतात.

मुलं हे कुठून शिकतात, ते बघायला शाळेत जायची गरज नाही. इमारतीच्या खालच्या बागेत बघावं. मालकांची मुलं आणि भाडेकरूंची मुलं असा भेद करंजाडेतल्या सोसायट्यांमध्ये मी ऐकला आहे. वर्गणी दिली नाही म्हणून गणपतीच्या नाचात अमक्याच्या मुलीला घ्यायचं नाही, वॉचमनच्या मुलानं सायकलला हात लावायचा नाही, असं मोठी माणसं मुलांच्या देखत बोलतात. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये तेच वाक्य लहान आवाजात निघतं. वर मी म्हटलं की निमित्त नंतर शोधलं जातं. पण जात, रंग, अपंगत्व, भाडेकरू असणं, ही निमित्तं मुलांना शोधावी लागत नाहीत. ती आपण घरातून हातात देऊन पाठवतो.

८. फळ्याजवळून आलेला शब्द

साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना सगळ्यांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागे, आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपायानं तो उघडला तरच पाणी. शिपाई आला नाही त्या दिवशी तहानलेलं राहायचं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हे वर्गातल्या मुलांच्या खोड्यांतून झालेलं नव्हतं. बसायची जागा शाळेनं ठरवली होती, आणि मुलांनी त्यावरून कुणाशी कसं वागायचं ते ठरवलं.

आज गोणपाट नाही. पण 'हुशारांची रांग' आणि 'मागचा बाक' आहे. फी थकलेल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचली जातात. शिष्यवृत्तीचा फॉर्म वाटताना जात विचारली जाते, सगळ्यांच्या देखत. "तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत का?" असं बाई एकदा म्हणाल्या की त्या मुलाचं नाव वर्षभर बटाटा. बाई ते संध्याकाळपर्यंत विसरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, ती २००९ साली. छडी बरीचशी गेली. जीभ अजून तशीच आहे.

एखादं मूल वर्गात छळलं जातंय अशी शंका आली की मी एकच चौकशी करते: त्याच्याविषयी वर्गात पहिल्यांदा काय बोललं गेलं, आणि ते कुणी बोललं? बऱ्याच वेळा माग फळ्यापर्यंत जाऊन पोचतो.

९. मूल सांगत नाही, पण दिसतं

रविवारी संध्याकाळी पोटात दुखतं आणि सोमवारी दहा वाजता आपोआप थांबतं. डबा भरलेला परत येतो, किंवा उलट, मूल घरी येऊन हपापल्यासारखं खातं कारण डबा दुसऱ्यानंच संपवलेला असतो. पेन, पट्टी, पैसे सारखे हरवतात. लहान भावंडावर हात उगारला जातो. वाढदिवसाला कुणाला बोलवायचं विचारलं तर उत्तर येत नाही.

आणि एक खूण जी आयांच्याही लक्षात येत नाही. शाळेतून आल्याआल्या दप्तर टाकून मूल धावत बाथरूममध्ये जातं, आणि पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच परत आलेली असते. शाळेचं स्वच्छतागृह ही मोठ्यांची नजर नसलेली जागा. तिथे कोंडतात, पाणी उडवतात, चड्डी ओढतात. मग मूल दिवसभर पाणीच पीत नाही. एका मुलीला वारंवार लघवीचा संसर्ग व्हायचा, डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. पाणी पी, पाणी पी, असं सगळे तिला सांगत होते. ती का पीत नाही हे शेवटी तिच्या आजीनं काढून घेतलं, केस विंचरताना.

समोर बसवून "खरं सांग" म्हटलं की मूल मिटतं. शेजारी बसून, हाताला काही काम देऊन विचारावं. आणि "तुलाच का" हे न विचारता "कुठे होतं? कधी होतं? तेव्हा आजूबाजूला कोण असतं?" असं विचारावं. याची उत्तरं मुलाला देता येतात. त्या उत्तरांवर काम करता येतं.

१०. "तूही एक ठेवून दे"

बाबा लोकांचा आवडता सल्ला. ज्याला मारून परतवता आलं असतं त्याला मुळात निवडलंच नसतं. मूल मारायला जातं, हरतं, आणि आता घरीही तोंड दाखवायची चोरी होते. कराटेचा वर्ग लावा, खुशाल लावा, त्यानं अंगात बळ येतं, नवे मित्र मिळतात. पण शाळेतल्या छळाचा बंदोबस्त दहा वर्षांच्या मुलाच्या मुठीवर सोपवू नका.

छळणाऱ्या मुलाविषयीही इथेच लिहिते. तो आतून घाबरलेला, दुःखी असतो म्हणून असं वागतो, अशी एक लाडकी समजूत आहे. ओल्वेउस यांना तसं फारसं आढळलं नाही. अशी पुष्कळ मुलं आत्मविश्वासानं वागणारी निघाली. सहावी ते नववीत छळ करणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांवर चोविसाव्या वर्षापर्यंत किमान एक गुन्हा सिद्ध झाला होता, असंही त्यांना दिसलं. त्याला वेळेवर अडवणं ही त्याच्यावरही दयाच आहे. शिव्या देऊन, सगळ्यांसमोर अपमान करून मात्र नव्हे. तो तीच पद्धत आणखी पक्की शिकतो.

११. लेखी द्या, आणि नेमकं मागा

महाराष्ट्रात शाळेत तक्रारपेटी असायला हवी. २०२२च्या शासन निर्णयानुसार 'सखी सावित्री समिती' असायला हवी. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, तिला मूल स्वतःही फोन करू शकतं. पालकांनी समितीत कोण आहे ते विचारावं. पेटी कुठे लावली आहे तेही बघावं. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, सगळ्यांच्या नजरेत लावलेल्या पेटीत कुठलं मूल चिठ्ठी टाकेल?

शाळांनी मनावर घेतलं तर काय होतं ते नॉर्वेत दिसलं. १९८२च्या अखेरीस तिथे तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे सोबत्यांचा छळ असावा असं पुढे आलं, आणि १९८३मध्ये सरकारनं देशभर मोहीम घेतली. बर्गेनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे अडीच हजार मुलांबाबत ओल्वेउस यांनी नोंदवलं की दोन वर्षांत हा त्रास निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त कमी झाला. तिथे केलेल्या गोष्टी आपल्या कुठल्याही शाळेला परवडणाऱ्या आहेत. मधल्या सुट्टीत मोठ्यांची हजेरी वाढवणं, वर्गाचे स्वतःचे नियम मुलांबरोबर बसून ठरवणं, दर आठवड्याला त्यावर बोलणं, आणि प्रकार घडला की दोन्हीकडच्या पालकांशी बोलणं.

आठवीतल्या त्या मुलीची आई आणि जिन्यात गुद्दे खाणाऱ्या मुलाची आई, दोघींबरोबर बसून गेल्या आठवड्यात शाळांना द्यायची पत्रं लिहिली. प्रसंगांची तारीख, जागा, वेळ आणि तिथे कोण हजर होतं, एवढं एका पानावर. खाली पोच घ्यायची. कुणाला काढून टाका, कुणाला माफी मागायला लावा, असं काही मागितलेलं नाही. मुलीच्या पत्रात मागणी आहे की विज्ञानाच्या प्रकल्पाचे गट मुलींनी आपापसांत न पाडता वर्गशिक्षकांनी पाडावेत. मुलाच्या पत्रात आहे की मधल्या सुट्टीत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर कुठले शिक्षक उभे राहणार, त्यांचं नाव आणि वार शाळेनं आठ दिवसांत लेखी कळवावेत.